तीन रात्रींचा मुक्काम

१२ नोव्हेंबर २००३, बुधवार. सकाळी पावणेदहाच्या सुमारास शिक्रापूरच्या चौकात वाहतूक वीस मिनिटं खोळंबली. अपघात झाला नव्हता. पंचाहत्तरीचा एक म्हातारा काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. डाव्या हातानं तो ट्रकवाल्यांना थांबवत होता आणि उजव्या हातातल्या काठीनं मोकळ्या डांबरावरून काहीतरी पलीकडे हाकत होता.

"बाबा, क्या पार करा रहे हो?" एका ट्रक ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं.

"डोळं फुटलं का तुझं? मेंढरं हायती."

ड्रायव्हरनं रस्त्याकडे पाहिलं, क्लीनरकडे पाहिलं आणि हॉर्नवरचा हात काढून घेतला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती की काही क्षण कुणालाच पुढे जाववेना.

शेवटी कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं त्याला धरून बाकड्यावर बसवलं आणि चहा दिला. म्हाताऱ्यानं नाव व्यवस्थित सांगितलं, भिमाजी सावळाराम कोळपे. गाव विचारल्यावर म्हणाला, "आज हितंच."

चहाला आलेल्या एका कामगारानं त्याला ओळखलं. भिमाजींचा मुलगा हनुमंत त्याच्याच कंपनीत, रांजणगावला कामाला होता. दुपारी हनुमंत येऊन वडिलांना घेऊन गेला. घर न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर. तिथून भिमाजी सोमवारी संध्याकाळी बाहेर पडले होते, म्हणजे दोन रात्री ते रस्त्यावर होते. कुठे झोपले, काय खाल्लं, हे कधीच कळलं नाही.

कोळपे हे मेंढपाळ धनगर. दिवाळी झाली की त्यांचा वाडा कोकणाच्या वाटेला लागायचा. वाडा म्हणजे चार-पाच घरांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं यांचा फिरता तळ. भिमाजी सत्तावीस वर्षं त्या वाड्याचे म्होरके होते. रोजचा मुक्काम कुठे पडायचा, हे ते ठरवत. आधी एकटे पुढे जाऊन शेत पाहायचे, पाणी पाहायचे, लेंडीखतासाठी मेंढरं शेतात बसवायचं शेतकऱ्याशी बोलायचे. मग परत येऊन फक्त गावाचं नाव सांगायचे. बायका घोड्यांवर संसार लादून पुढे निघत, पुरुष मेंढरं घेऊन मागून येत. १९९६ मध्ये मेंढरं विकली, विहिरीवर मोटार बसवली आणि कोळपे कांदा लावू लागले. बायको बानूबाई १९९९ मध्ये गेली. त्यानंतर दोन वर्षांनी भिमाजी वस्तू विसरू लागले, मग माणसं, मग साल. बानूबाई कुठे आहे असं कुणी विचारलं तर सांगायचे, "घोडं घिऊन म्होरं गेली."

हनुमंत वाड्याबरोबर फारसा फिरलाच नाही. सातव्या वर्षी त्याला आत्याकडे शाळेला ठेवलं होतं.

शिरूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि ते कागदावर लिहूनही दिलं. "बरं होणारं दुखणं नाही," ते म्हणाले. "पण एक पाळा. जागा तीच, माणसं तीच, जेवणाच्या वेळा त्याच. या लोकांना जागा बदलली की भीती वाटते."

"जागा तीच हाय की डॉक्टर. तरी पळत्यात," हनुमंत म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो, सांभाळणारी माणसं असलेली जागा बघा. तुम्ही कंपनीत, मिसेस अंगणवाडीत. दिवसभर कोण बघणार?"

हनुमंतनं कॅलेंडरच्या पानामागे प्रश्न लिहिले. फाटक किती उंच? संडास जवळ आहे का? रात्री माणूस जागा असतो का? मारतात का? शेवटचा प्रश्न त्यानं खोडला आणि परत लिहिला. पुण्यात एक जागा चांगली होती, पण तिसऱ्या मजल्यावर. शिरूरजवळच्या वृद्धाश्रमानं "आम्ही विसरणारे घेत नाही" म्हणून सांगितलं. यवतच्या पुढे, हायवेपासून आत, एका संस्थेनं अशा म्हाताऱ्यांसाठी नवा विभाग काढला होता. तिथे एक खाट रिकामी होती.

हनुमंतची बायको साधना दोन्ही बाजूंनी बोलत होती. सकाळी म्हणायची, "ठेवा बाई कुठंतरी, माझा जीव थाऱ्यावर न्हाई. अंगणवाडीत पोरं मोजताना बी आबाच दिसत्यात." संध्याकाळी म्हणायची, "लोक काय म्हणतील? एक म्हातारा जड झाला ह्यांना?"

"मग काय करू ते एकदाच सांग."

"मला ठावं असतं तर तुम्हाला कशाला इचारलं असतं?"

अडचण आणखी एक होती. भिमाजी गाडीत बसायला तयार नसत. मेंढरं सोडून कुठं येऊ, म्हणत. तोड सिंधूबाईनं काढली. सिंधू ही हनुमंतची थोरली बहीण, वरवंडला दिलेली. ती लग्न होईपर्यंत वाड्याबरोबर फिरली होती.

रविवारी, ३० नोव्हेंबरला, ती सकाळीच न्हावऱ्याला आली. ओसरीत बसलेल्या वडिलांसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आबा, वाडा बसवायचाय. जागा बघाय चला."

भिमाजी उठले. मुंडासं सोडून नव्यानं बांधलं. काठी घेतली, घोंगडी घेतली आणि शेजाऱ्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"अक्का, खोटं बोलून न्यायचं व्हय?" हनुमंतनं हळूच विचारलं.

"खोटं काय त्यात? जागाच बघायचीय ना?" सिंधू म्हणाली.

संस्थेत पोचल्यावर जे झालं त्यानं हनुमंत चक्रावला. भिमाजी आत न जाता आधी कंपाउंडच्या भिंतीलगत चालत गेले, पूर्ण एक फेरा. टाकीखालची तोटी सोडून ओंजळभर पाणी प्याले. "पानी शिळं हाय," ते म्हणाले. विभागाची प्रमुख नर्स हर्षदा सामोरी आली. तिला त्यांनी विचारलं, "कुत्री किती?"

"एक आहे, आबा. मोती."

"रातचं कोन जागतं?"

"मी किंवा दुसऱ्या सिस्टर."

"बाईमानूस एकटं?"

"वॉचमनपण असतो."

"त्यो झोपतो का?"

हर्षदा हसली. "झोपतो कधीकधी."

"दुपारचं ह्या मानसांना कोंडता का?"

हर्षदाचं हसू कमी झालं. "कोंडत नाही. गेटला कुलूप असतं."

हनुमंतच्या खिशात कॅलेंडरचं पान होतं. त्यातला एकही प्रश्न त्याला विचारावा लागला नाही. जो माणूस सकाळी आपल्याला सुनेचा भाऊ समजून "पाव्हणं कवा आला" म्हणत होता, तो आता इतकं बिनचूक कसं विचारतोय? आजार आहे की नाही? डॉक्टर चुकले की आपण? त्यानं सिंधूकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती, त्यामुळे तिला काही विचारता आलं नाही.

भिमाजी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. "बरं. किती राती बसवायच्या?"

"तुम्हाला हव्या तितक्या," हर्षदा म्हणाली.

"तीन. तिनाच्या वर लेंडीमुतानं जिमीन जळती."

"तीन तर तीन, आबा."

भिमाजींनी काठी जमिनीवर टेकवली. ठरलं. हर्षदानं फॉर्मवर 'रुग्णाची संमती आहे' असं लिहिलं आणि हनुमंतनं खाली सही केली. तीनचा आकडा त्यानं ऐकला होता. म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून दिला. सिंधूनंही ऐकला होता. ती नंतर म्हणाली की तिला तेव्हाच काहीतरी टोचलं, पण काय ते कळलं नाही.

सोमवारी आणि मंगळवारी हनुमंतनं कंपनीच्या गेटवरून फोन केला. दोन्ही वेळा हर्षदा खूश होती. आबा जेवतात. खाटेवर झोपत नाहीत, व्हरांड्यात घोंगडी टाकतात, पण गाढ झोपतात. संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जाताना ते दाराशी काठी आडवी धरून उभे राहतात आणि एकेकाला मोजून आत सोडतात. सोमवारी म्हणाले, "एक कमी हाय." दौंडचे रखमाजी, रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेले, संडासात सापडले.

"आमचे वॉचमन एवढं लक्ष देत नाहीत," हर्षदा म्हणाली. "काळजी करू नका. रमलेत."

मंगळवारी रात्री हनुमंत दोन वर्षांनी निवांत झोपला. साधनानं दारात आडवी बाज टाकायचं सोडलं. आबा गुपचूप बाहेर पडू नयेत म्हणून तिची ती सवय झाली होती. ती झोपली नाही.

बुधवारी, ३ डिसेंबरला, पहाटे सहा वाजता फोन वाजला. "तुम्ही या," हर्षदा म्हणाली. "आत्ता या. काही झालं नाहीये, पण या." हनुमंतनं वरवंडला फोन करून सिंधूलाही कळवलं.

मोटारसायकलवरून तो सव्वाआठला पोचला. कुलूपबंद गेटच्या आतल्या बाजूला भिमाजी उभे होते. घोंगडी गुंडाळून पाठीला बांधलेली. त्यांच्या मागे ओळीनं म्हातारी माणसं, प्रत्येकाजवळ गाठोडं. हर्षदाच्या म्हणण्यानुसार ती सात होती. वॉचमन नऊ म्हणाला. रखमाजी आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. अनसाबाई नावाची एक आजी उशी, ताट आणि कंगवा ओढणीत बांधून तयार होती. ओढणी हर्षदाची होती.

"गाडी किती लेट आहे?" रखमाजींनी हनुमंतला विचारलं.

"कुठली गाडी?"

"ते तुम्ही सांगायचं. मी सिग्नल देऊन बसलोय."

हर्षदाचे केस सुटले होते. ती चिडली होती आणि मधेच तिला हसूही येत होतं. "पहाटे साडेचारला अख्खा हॉल उठवला. तीन रात्री झाल्या, म्हणाले. उठा, आवरा, हलायचंय. अनसाबाई कुणाचं ऐकत नाही, अंघोळीला दोघी लागतात तिला धरायला. ह्यांनी एकदा हाळी दिली आणि ती सगळ्यांच्या आधी तयार!"

आता हनुमंतच्या ध्यानात आलं. वाडा बसवायचा म्हणून आणलं. बसवलेला वाडा उठतो. एवढी गोष्ट साऱ्या धनगरांना ठाऊक, आणि ती धनगराच्या पोरानं लक्षात घेतली नाही.

हर्षदानं त्याला बाजूला घेतलं. "ऐका. नवीन जागी पहिले पंधरा दिवस असं होतंच. डॉक्टरांना विचारून हलकी गोळी देऊ. आज नेलंत आणि महिन्यानं परत आणलंत तर सगळं पहिल्यापासून. त्यांनाच त्रास. आणि एक सांगते, खाट मी धरून ठेवू शकत नाही. यादीत पाच जण आहेत. दुपारी बारापर्यंत ऑफिसला कळवायचंय."

"दोन-तीन दिवसांसाठी नेलं, मग परत..."

"तसं इथं नसतं, दादा. हे लॉज नाही."

हनुमंत गेटच्या आत गेला. वडिलांसमोर उभा राहिला. बोलायच्या आधी त्यानं वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. "आबा, मुक्काम वाढवलाय. आजून चार दिस हितंच."

"कुणी वाढवला?"

"म्या."

"तू कोन?"

"हनुमंत."

भिमाजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. "हनुमंत साळंला हाय," ते म्हणाले. "आन् त्यो हितं असता तरी पोरं काय वाडा थांबवत्यात व्हय?"

मागून रखमाजी म्हणाले, "बरोबर आहे. ऑर्डर वरून यावी लागते."

नऊच्या सुमारास सिंधू वडापच्या जीपमधून उतरली. तिनं गेटमधला देखावा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई. तीन राती! माझ्या कसं ध्यानात आलं न्हाई?"

"माझ्या न्हाई आलं त्याचं काय?"

"तू साळंतला. तुझं सोड. म्या तर कोकण बघितलंय."

मग भाऊ-बहिणीची व्हरांड्याच्या टोकाला जुंपली. सिंधूचं म्हणणं, आबांना आजच्या आज हलवायचं. तीन रात्री वरवंडला, तीन न्हावऱ्याला, पुन्हा वरवंड. हनुमंतचं म्हणणं, डॉक्टरांनी जागा बदलू नका म्हणून बजावलंय.

"डाक्टर मेंढरामागं गेला हुता का कवा?"

"अक्का, डॉक्टरनी शंभर म्हातारी बघितल्यात. आपण एक बघितलाय."

"पन त्यो एक आपलाय न्हवं का?"

"तुझ्या घरी कोण बघंल दिवसभर? तू तरकारीत. दारापुढं सोलापूर रोड. आन् तिथनं निघाले तर?"

"तर काय, निघतील. तिसऱ्या दिशी निघतील. मधी न्हाई निघायचे. हितं निघाले का मधी?"

हे खरं होतं. तीन रात्री ते हलले नव्हते. पण मग शिक्रापूरच्या आधी घरी महिनोन्‌महिने राहिले होते, ते कसं? आणि त्याआधी दोनदा पळाले, ते किती दिवसांनी? हनुमंतनं आठवायचा प्रयत्न केला. तारखा जुळेनात. एकदा वाटलं तिसऱ्या दिवशी, एकदा वाटलं तसं काही नसावं. सिंधूचं बोलणं बरोबर असेल तर डॉक्टर चूक. डॉक्टर बरोबर असतील तर आपण आता वडिलांना घाबरवायला निघालोय. दोघंही बरोबर असतील तर काय करायचं, हे सांगणारं माणूस तिथे कुणी नव्हतं.

तेवढ्यात हर्षदा कपात पाणी आणि एक पांढरी गोळी घेऊन आली. "फोन झालाय डॉक्टरांशी. ही अर्धी दिली तरी चालेल. तुम्ही दिलीत तर घेतील. मी दिली की थुंकतात."

हनुमंतनं गोळी हातात घेतली. भिमाजी गेटपाशी तसेच उभे होते. साडेचारपासून ते खाली बसले नव्हते. सगळा भार काठीवर होता. मुक्काम हलताना म्होरक्या बसत नाही, सिंधू म्हणाली. हनुमंतला हे माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "किती वेळ उभा ऱ्हातो?"

"वाडा सुटंस्तवर."

गोळी दिली तर ते बसतील. बसले की झोपतील. उठल्यावर वाडा सुटलाच नाही हे त्यांना आठवेल की नाही? न आठवलं तर बरं की वाईट? हनुमंतनं गोळी हर्षदाच्या तळहातावर परत ठेवली.

"खाट देऊन टाका, मॅडम," तो म्हणाला.

"नीट विचार केलात?"

"न्हाई," हनुमंत म्हणाला.

सुट्टीच्या फॉर्मवर कारणाचा रकाना होता. त्यानं पेन धरून बराच वेळ घालवला. शेवटी हर्षदानंच 'घरगुती' असं लिहिलं. मग ती बाकीच्यांना आत न्यायला गेली. अनसाबाई कुणाचा हात धरू देईना. तेव्हा भिमाजी मागे वळले आणि म्हणाले, "तुमी फुडच्या वाड्यासंगं या." अनसाबाई मुकाट्यानं आत गेली. रखमाजी ट्रंकेवरून उठले नाहीत. वॉचमननं कुलूप काढलं.

मोटारसायकलवर बसायला भिमाजींनी नकार दिला. सिंधू म्हणाली, "तू घिऊन ये सावकाश. म्या म्होरं जाती, भाकरी टाकती," आणि ती आलेल्या जीपनं वरवंडला निघून गेली. हनुमंतनं गाडी न्यूट्रलला टाकली आणि ढकलत वडिलांच्या मागून चालू लागला. हायवेच्या कडेच्या मातीतून भिमाजी पुढे चालत होते, बरेच जलद. ट्रक गेला की काठी बाजूला धरायचे. ऊन चढलं होतं. अकराच्या सुमारास ते चौफुल्याला पोचले.

तिथे रस्ता फुटतो. सरळ गेलं की वरवंड, डावीकडे वळलं की केडगावमार्गे न्हावरं आणि शिरूर. भिमाजी थांबले. आधी त्यांनी एका रस्त्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग परत पहिल्याकडे. काठी जमिनीवर टेकवायला खाली नेली आणि अधांतरीच धरली. त्यांचे ओठ हलले, पण गावाचं नाव आलं नाही.

ते वळले. मागे येणाऱ्या माणसाला ते ओळखत होते की नाही, हे सांगता येत नाही. "कुठं?" त्यांनी विचारलं.

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना दुसऱ्यांनी विचारला होता. हनुमंतनं गाडी स्टँडवर लावली. डॉक्टरांचं बोलणं आठवलं, साधनाचं आठवलं. डावीकडे घर होतं, नेहमीची ओसरी, नेहमीची माणसं. बारा वाजायला अजून पाऊण तास होता आणि समोर पीसीओ होता. फोन केला तर खाटसुद्धा कदाचित राहिली असती.

"वरवंड," तो म्हणाला.

"पानी हाय?"

"हाय."

"किती राती?"

"तीन."

भिमाजींनी मान डोलावली. काठी टेकली. "चल मग, म्होरं हो," ते म्हणाले, आणि हनुमंत गाडी घेऊन पुढे निघेपर्यंत थांबून राहिले.

पुढे होण्याआधी हनुमंतनं पीसीओवरून अंगणवाडीशेजारच्या दुकानात फोन लावला आणि साधनाला बोलावून घेतलं. खाट सोडली, आबांना अक्काकडे नेतोय, एवढंच सांगितलं.

"आन् तिथनं?" साधनानं विचारलं.

"शनिवारी पहाटे पाचच्या आत मी वरवंडला पाहिजे. रजा टाकतो."

"आन् मंग पुढं?"

"शनिवारचं सांगितलं ना तुला," हनुमंत म्हणाला. "पुढचं मला ठाऊक न्हाई."

साधना म्हणाली, "भाकरी किती बांधून ठिवू?"